तुटलेल्या दोऱ्याचं टोक

जूनच्या पहिल्या आठवड्यात आमच्या भरतकामाच्या कारखान्यात शाळेच्या बॅजशिवाय दुसरं काही चालत नाही. रात्रीचे साडेनऊ झाले होते. बारा हेडच्या मशीनवर निळ्या कापडावर पांढरी अक्षरं उमटत होती, आणि सातव्या हेडचा लाल दिवा पुन्हा लागला. आमचा नवा ऑपरेटर मोठा चपळ. दिवा लागला की धावत जातो, दोरा ओवतो, आणि मग त्याचा हात आपोआप दोऱ्याचा ताण ठरवणाऱ्या टेन्शनच्या नॉबकडे जातो. त्या रात्री तिसऱ्यांदा त्याचा हात वर गेला तेव्हा मी म्हणाले, "थांब रे. आधी तुटलेलं टोक दाखव."

"ताई, ते मी टाकलं खाली."

"शोध मग."

फरशीवरच्या दोऱ्यांच्या गुंत्यातून त्यानं ते शोधून आणलं. तळहातावर ठेवून उजेडात धरलं, तर बोटाच्या पेराएवढा भाग कापसाच्या वातीसारखा पिंजलेला. घट्ट टेन्शननं तुटलेला दोरा असा दिसत नाही. हा दोरा कुठंतरी घासून घासून झिजला होता आणि शेवटी तुटला होता. नॉब कितीही फिरवला असता तरी तो तुटतच राहिला असता.

या धंद्यात बावीस वर्षं गेल्यावर माझं ठाम मत झालंय की दोऱ्याच्या तक्रारींत टेन्शनचा दोष असतो थोडा, आणि शिक्षा मात्र पहिली त्यालाच होते. नॉब डोळ्यांसमोर असतो, फिरवायला सोपा असतो. पण दोष दुसरीकडे असताना तो फिरवला की एकाचे दोन दोष होतात. मूळचा तसाच राहतो, आणि चांगलं बसलेलं टेन्शनही जातं. मग कोणामुळे काय होतंय हे ओळखणं अवघड होऊन बसतं.

नुकसान किती होतं तेही सांगते. मशीन मिनिटाला ८०० टाके घालत असेल तर ९,००० टाक्यांचा बॅज सव्वाअकरा मिनिटांत व्हायला हवा. एका हेडचा दोरा तुटला की बाराही हेड थांबतात, कारण सगळ्यांना फिरवणारा शाफ्ट एकच. दोरा ओवून, चार टाके मागे घेऊन मशीन पुन्हा सुरू करायला एक मिनिट गेलं तरी बारा हेडचं बारा मिनिटांचं काम बुडालं. एका फेरीत पाच वेळा दोरा तुटला तर पूर्ण तासाचं. शिवाय जिथून पुन्हा सुरुवात केली तिथं बारीकशी गाठ किंवा सरकलेला टाका राहतो, आणि गिऱ्हाइकाचं बोट नेमकं तिथंच जातं.

दोरा का तुटतो हे कळायचं असेल तर त्याचं काय काय होतं ते आधी बघायला हवं. १८२८ साली फ्रान्समधल्या म्युलूझचा जोसुए हाइलमान यानं भरतकामाचं यंत्र बनवलं तेव्हा त्यात एकच दोरा होता. सुईला दोन्हीकडे टोकं आणि मधोमध नेढं. सुई हातभरतासारखी कापडातून आरपार जायची आणि उलटी परत यायची. १८६३ साली स्वित्झर्लंडच्या इझाक ग्रोब्ली यानं वरचा आणि खालचा असे दोन दोरे एकमेकांत अडकवणारं यंत्र काढलं. खालचा दोरा नेणारा धोटा होडीच्या आकाराचा होता, म्हणून त्या यंत्राला तिकडच्या बोलीत 'शिफली', म्हणजे छोटी होडी, हे नाव पडलं. आजच्या मशीनमध्ये धोट्याच्या जागी गोल फिरणारा हूक आला, पण दोन दोऱ्यांचं अडकणं तेच आहे. त्यांची ओढाताणही तीच.

सुई खाली जाते, अगदी तळाला पोचते आणि दोनएक मिलिमीटर वर उचलते. सुईच्या मागच्या बाजूचा दोरा कापडाच्या घर्षणामुळे वर सरकू शकत नाही, म्हणून तो तिथं फुगतो आणि त्याचा छोटा फासा होतो. हूकचं टोक बरोबर त्या क्षणी तिथं येतं, फासा पकडतं आणि खालच्या दोऱ्याच्या रिळाच्या, म्हणजे बॉबिनच्या, डबीभोवती फिरवून आणतं. मग वरची टेक-अप दांडी जादाचा दोरा ओढून घेते आणि टाका आवळला जातो. एका टाक्याला हूक दोनदा फिरतो, म्हणजे ८०० टाक्यांना मिनिटाला १,६०० फेरे. आता मुद्दा असा की टाका असतो तीनचार मिलिमीटरचा, आणि डबीभोवती फिरायला फासा लागतो कित्येक सेंटिमीटरचा. तेवढा दोरा दर टाक्याला नेढ्यातून खाली जातो आणि जवळजवळ सगळा परत वर येतो. दोऱ्याचा एकेक तुकडा कापडात कायमचा बसण्याआधी नेढ्यातून डझनावारी वेळा खालीवर झालेला असतो. वाटेतली केसाएवढी खरखरही त्याला तितक्याच वेळा घासते.

म्हणून टोक बघायचं. टोक पिंजलेलं असेल तर कुठंतरी घर्षण आहे: सुईचं नेढं, सुईखालची प्लेट, हूक, किंवा वाटेतला एखादा गाइड. टोक कात्रीनं कापल्यासारखं स्वच्छ असेल तर धारदार कड आहे. बहुधा प्लेटच्या भोकाला किंवा हूकच्या टोकाला सुई आपटून उठलेला कंगोरा. टोकाची स्प्रिंगसारखी गुंडाळी झाली असेल तर दोरा ताणून तुटलाय. अशा वेळी टेन्शनवर संशय घ्यावा, पण त्याआधी दोऱ्याचा कोन बघावा. पुष्कळदा दोरा कोनच्या खालच्या कडेला नाहीतर स्टँडच्या खिळ्याला अडकलेला असतो. आणि टोकाला मोहरीपेक्षाही बारीक, नखाला टणक लागणारा मणी असेल तर पॉलिएस्टर वितळलंय. जाड कापड, भरमसाट वेग, कापड चिकटवायच्या स्प्रेचा सुईवर बसलेला डिंक, यांनी सुई तापते तेव्हा असं होतं.

कधी कधी दोरा तुटलेलाच नसतो. दोरा कापल्यानंतर सुईत राहिलेलं शेपूट आखूड पडलं की पहिल्याच टाक्याला दोरा नेढ्यातून निसटतो. कधी दोरा जागच्या जागी असतो, पण तो सरकतोय की नाही हे पाहणाऱ्या सेन्सरच्या चाकाला कापसाची पुटं चढल्यामुळे ते फिरत नाही आणि मशीन उगीच थांबतं. 'तुटला', 'निसटला' आणि 'उगीच थांबलं' या तीन वेगळ्या तक्रारी आहेत. नोंद करताना मी त्या वेगळ्याच लिहायला लावते.

टोक बघून झालं की पुढचा प्रश्न, कुठे तुटतोय? अनेक हेडच्या मशीनचा इथं फार मोठा उपयोग होतो. बारा जण एकाच वेळी, एकाच कापडावर, एकच डिझाइन भरत असतात. सगळं सारखं असताना एकाचंच बिघडलं तर दोष त्याच्यापाशी. एका हेडच्या एकाच सुईला त्रास असेल तर त्या सुईची वाट बघायची: कोनपासून नेढ्यापर्यंत. एका हेडच्या सगळ्या सुयांना असेल तर त्यांच्यात सामाईक काय आहे ते बघायचं. हूक, प्लेट आणि बॉबिन प्रत्येक हेडला एकेकच असतात, त्यामुळे दोष खाली. सगळ्या हेडना एकाच रंगाला त्रास असेल तर तो दोरा. सगळ्या हेडना डिझाइनमधल्या एकाच जागी असेल तर डिझाइन. आणि सगळीकडे, कुठंही, कसाही तुटत असेल तर वेग, कापड, नाहीतर हवा. हे कळण्यासाठी पाना लागत नाही. मशीनला लटकवलेली वही लागते, ज्यात हेड, सुई आणि टाक्याचा नंबर लिहिलेला असतो.

सातव्या हेडची तिसरी सुई वहीत एका संध्याकाळी नऊ वेळा आली होती. आम्ही आधी सातव्या आणि आठव्या हेडचे पांढरे कोन अदलाबदल केले. दोऱ्यात दोष असता तर तक्रार आठव्यावर गेली असती. ती सातव्यावरच राहिली. सुई बदलली, तरीही राहिली. इतर सुयांना त्रास नव्हता, म्हणजे हूक आणि प्लेट निर्दोष. उरली दोऱ्याची वाट. मी त्या पोराला म्हटलं, "प्रत्येक गाइडमधून नख फिरव." वरून तिसऱ्या तारेच्या कडीपाशी त्याचं नख अडकलं. टॉर्च धरून पाहिलं तर चकचकीत तारेत केसाएवढी खाच पडलेली. पांढरा दोरा आमच्याकडे सगळ्यात जास्त चालतो आणि तो कायम तिसऱ्या सुईला असतो. मऊ दोऱ्यानं वर्षानुवर्षं घासून पोलाद कापलं होतं, आणि आता ते कापलेलं पोलाद दोऱ्याला कापत होतं. विहिरीच्या काठावरच्या दगडाला दोरानं पडलेल्या खाचा पाहिलेल्या माणसाला हे सांगायला लागत नाही. कडी बदलली. सात मिनिटांचं काम. मग त्या पोरानं आधी फिरवलेला नॉब परत जागेवर आणण्यात मात्र अर्धा तास गेला.

दोऱ्याच्या तक्रारींत सगळ्यात फसवा प्रकार म्हणजे कापडाखालचा गुच्छा. मशीन घरघरतं, फ्रेम उचलायला गेलं तर उचलत नाही. खाली बघावं तर प्लेट आणि कापड यांच्यामध्ये दोऱ्याचं घरटं झालेलं. गुच्छा खाली आहे, म्हणजे दोष खालच्या दोऱ्याचा, असं कुणालाही वाटतं, आणि बॉबिनच्या डबीचा स्क्रू आवळला जातो. पण त्या गुच्छ्याचा रंग पाहा. बॉबिनचा दोरा पांढरा असतो आणि गुच्छा असतो लाल, हिरवा, जो रंग वर चाललाय तो. खाली साचलाय तो वरचा दोरा. टेक-अप दांडीनं तो वर ओढून घ्यायचा असतो, पण त्याला धरून ठेवणारं काही नाही, म्हणून तो ढिला पडून खाली साठत गेला. दोरा टेन्शनच्या चकत्यांमधून निसटलाय, किंवा चकत्यांमध्ये मेणकट मळ बसून त्या दोऱ्याला धरत नाहीत, किंवा दांडीत ओवायचाच राहिलाय. दुसरं मोठं कारण म्हणजे फ्रेममध्ये कापड सैल बसणं. सुई वर येताना सैल कापड तिच्याबरोबर उचललं जातं, फासा नीट तयार होत नाही आणि सगळं बिनसतं. फ्रेममधल्या कापडावर बोटानं टिचकी मारली तर डफासारखा आवाज यावा, पण टीशर्टचं कापड मात्र तेवढं ताणू नये. नाहीतर फ्रेम काढल्यावर ते आक्रसतं आणि भरतकामाला चुण्या पडतात. त्याला खालून नॉन-वोव्हनचा आधार द्यावा, ताण नव्हे.

टेन्शन खरोखर बघायचंच असेल तर माल उलटा करून बघावा. सॅटिन टाक्याच्या पट्टीच्या मागे तीन भाग दिसले पाहिजेत: दोन्ही कडांना वरचा रंग आणि मधल्या एक तृतीयांशात बॉबिनचा पांढरा. पांढरा दिसतच नसेल तर वरचं ढिलं किंवा खालचं घट्ट. पांढऱ्यानं मागची सगळी पट्टी व्यापली, किंवा सुलट बाजूच्या कडेला पांढरे ठिपके आले, तर वरचं घट्ट किंवा खालचं ढिलं. दोघांपैकी कोण, हे ठरवायला आधी बॉबिन तपासायचं. भरलेली डबी दोऱ्याला धरून लोंबकळत ठेवायची आणि हाताला हलका झटका द्यायचा. ती इंच-दोन इंच उतरून थांबली तर ठीक. सुसाट जमिनीकडे गेली तर ढिली, हललीच नाही तर घट्ट. गेजवर मोजलं तर साधारण २० ते ३० ग्रॅम. स्क्रू फिरवायचा तो घड्याळाचा काटा पाच मिनिटं सरकावा एवढाच, त्याहून जास्त नाही.

पण त्याही आधी डबीवरची पातळ पट्टी बघावी. तिच्याखाली कापसाचा एखादा तंतू अडकला की पट्टी उचललेली राहते, दोरा मोकाट सुटतो, आणि स्क्रू कितीही आवळला तरी टेन्शन टिकत नाही. आमच्या टेबलाच्या खणात जुन्या लग्नपत्रिका ठेवलेल्या असतात. पत्रिकेचा कोपरा कापून तो पट्टीखालून सरकवायचा, दोरा जातो त्याच दिशेनं. करड्या मळाची बारीक गोळी बाहेर येते. सुई किंवा ब्लेड तिथं कधीच घालू नये. ओरखडा पडला की ती डबी कायमची गेली. आमच्याकडे दर शिफ्टला बॉबिन बदलताना हे होतं, आणि त्यासोबत हूकच्या खाचेत तेलाचा एक थेंब. एकच, कारण दुसरा थेंब पांढऱ्या शर्टावर दिसतो.

सुई ही या मशीनमधली सगळ्यात स्वस्त वस्तू, आणि ती बदलायला लोक सगळ्यात जास्त टाळाटाळ करतात याचं मला अजून वाईट वाटतं. नेहमीच्या ४० नंबरच्या दोऱ्याला ७५/११ ची सुई लागते. ७५ म्हणजे पाऊण मिलिमीटर जाडी. तिच्या पुढच्या अंगाला लांब खोबण असते, जिच्यात दोरा लपून कापडात शिरतो, आणि मागच्या अंगाला नेढ्याच्या वर खोलगट खाच असते, जिथून हूक जातो. सुई थोडी फिरलेली बसली तरी हूकला फासा सापडत नाही. टाके चुकतात आणि दोरा पिंजतो. नेढ्यात दोऱ्याचा तुकडा ओवून दोन्ही टोकं ताणून धरावीत आणि सुई त्यावरून घसरू द्यावी. अडखळली तर ती टाकून द्यावी. टोक वाकलंय का ते नखावरून ओढून कळतं.

दोऱ्याचा स्वभावही ओळखायला हवा. रेयॉन लाकडाच्या लगद्यापासून बनतो. चमक सुंदर, हाताला मऊ, पण ओला झाला की त्याची जवळजवळ निम्मी ताकद जाते. पावसाळ्यात उघड्यावर राहिलेले रेयॉनचे कोन तुटत राहतात ते त्यामुळे. पॉलिएस्टर पाणी जवळपास शोषतच नाही. त्याची चमक येते ती तंतूच्या आकारातून. आडवा काप घेतला तर तंतू बेलाच्या पानासारखा तीन पाकळ्यांचा दिसतो आणि उजेड परतवतो. ४० नंबर म्हणजे ४० किलोमीटर दोऱ्याचं वजन एक किलो. नंबर वाढला की दोरा बारीक. कोन खिडकीच्या उन्हात ठेवू नयेत, मग तो कुठलाही दोरा असो. ब्लाउजपीसवर जर चालवायची असेल तर ऐट सोडून वेग उतरवावा लागतो. कारण मशीनची जर म्हणजे गाभ्याच्या दोऱ्याभोवती गुंडाळलेली चपटी चकचकीत पट्टी. नेढं अरुंद असलं की ती पट्टी सोलून निघते आणि गाभा उघडा पडतो. सुई ८० किंवा ९० ची, टेन्शन ढिलं, वेग पाचसहाशेच्या आसपास, आणि रीळ मशीनपासून जरा दूर, म्हणजे दोऱ्याला पडलेला पीळ वाटेत उलगडतो.

हूकचं टायमिंग मी मुद्दाम शेवटी ठेवते. हूकचं टोक सुईच्या मागून जाताना दोघांत कागदाएवढी फट असावी लागते आणि वेळ डिग्रीत जुळवावी लागते. ते जाणत्या मेकॅनिकचं काम. सुई फ्रेमवर आपटली, मोठा आवाज झाला, आणि त्यानंतर त्या हेडवर सगळ्या सुयांचे टाके चुकायला लागले, तरच टायमिंगचा संशय घ्यावा.

सातव्या हेडची कडी बदलल्यावर त्या रात्री मशीन पुढं दोन तास नीट चाललं. मग नवीन शाळेचं डिझाइन लावलं आणि वहीत वेगळाच नमुना दिसायला लागला. कधी दुसरं हेड, कधी नववं, कधी अकरावं, पण टाक्याचा नंबर दर वेळी तोच, पाचदहा टाके इकडे तिकडे. डिझाइनचे टाके आखायच्या, म्हणजे पंचिंगच्या, कॉम्प्युटरवर तो नंबर उघडून पाहिला. शाळेच्या नावात 'विद्यामंदिर' होतं आणि सुई 'मं'वरच्या अनुस्वारावर अडत होती.

देवनागरी भरणाऱ्यांना हे दुखणं नेहमीचं. अक्षर पाच मिलिमीटर उंचीचं असलं की अनुस्वार जेमतेम मिलिमीटरचा राहतो. त्या ठिपक्यात सुरुवातीचे पक्के टाके, मग भराई, मग शेवटचे पक्के टाके, असे वीसपंचवीस टाके एकाच जागी पडतात. सुई आधीच भरलेल्या दोऱ्यातून घुसते, तो फाडते आणि स्वतःचा दोराही पिंजते. दुसरी जागा शिरोरेघेची. प्रत्येक अक्षराचा उभा दंड रेघेच्या वरच्या कडेपर्यंत नेला की दर सांध्यावर दुप्पट टाके होतात आणि तिथं टणक गाठोडं तयार होतं. रोमन अक्षरांची सवय असलेल्या पंचिंगवाल्याच्या हे लक्षात येत नाही. दंड रेघेच्या खालच्या कडेत जरासा शिरवून थांबवायचा असतो.

आमचं पंचिंग करणाऱ्या भाऊंना रात्रीच फोन लावला. त्यांनी अनुस्वार दीड मिलिमीटरचा केला, त्यातले मिलिमीटरहून आखूड टाके काढले, ओळींमधलं अंतर ०.४ वरून थोडं वाढवलं, आणि सगळे दंड रेघेच्या खालच्या कडेत थांबवले. एका बॅजमागे साडेतीनशे टाके कमी झाले. फाइल आली, ती मशीनला दिली. तो पोरगा नॉबकडे न बघता पडद्यावरच्या टाक्यांच्या आकड्याकडे बघत उभा राहिला. अनुस्वाराचा नंबर आला आणि गेला, आणि बाराही हेड पुढच्या 'दि'च्या वेलांटीकडे वळली.